रिचमंडचं 'रोझी द रिव्हेटर' संग्रहालय : कारखान्यात काम केलेल्यांनी नक्की बघा

माझी सगळी नोकरी वेल्डिंग तपासण्यात झाली, म्हणून लेकीने सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रिचमंडला मला आवर्जून नेलं. 'रोझी द रिव्हेटर' म्हणजे युद्धकाळात कारखान्यांत राबणाऱ्या अमेरिकन बायकांचं प्रतीक. दुसऱ्या महायुद्धात इथल्या फोर्ड कारखान्याने मोटारी थांबवून जीप जोडल्या, रणगाडे सज्ज केले. उद्योगपती हेन्री कैसरच्या गोद्यांनी तर ७४७ जहाजं बांधली.

मला सगळ्यात आवडली ती बांधण्याची रीत. रिव्हेटऐवजी (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) मुख्यतः वेल्डिंग. जहाजाचे मोठमोठे भाग बाजूला, सोयीनुसार उलटेसुद्धा ठेवून जोडायचे आणि मग क्रेनने उचलून बसवायचे. हात डोक्याच्या वर उंचावून करायचा जोड सगळ्यात अवघड, तोच यात कमी होतो. गोदी कधी न पाहिलेल्या हजारो बायका म्हणूनच इतक्या लवकर तयार झाल्या. 'रॉबर्ट ई. पिअरी' हे जहाज नोव्हेंबर १९४२ मध्ये अवघ्या ४ दिवस १५ तासांत पाण्यात उतरलं! त्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरंही काढली होती, हे वाचून फार बरं वाटलं.

प्रवेश मोफत. 'रेड ओक व्हिक्टरी' हे १९४४ चं जहाज थोडं लांब आहे, त्याला वेगळं तिकीट. जिने उभे आहेत, पण गुडघे साथ देत असतील तर इंजिनरूमपर्यंत उतराच.