नाशिकच्या द्वारका चौकाजवळचे चाचा आणि आमच्या ८०० चं अर्थिंग

आमची मारुती ८००, २००३ ची. आप्पांनी घेतलेली, आता माझ्याकडे. इंदिरानगर ते सातपूर रोजचं जाणं-येणं तिच्यावरच. दिवाळीआधी हौसेनं डेंटिंग-पेंटिंग करून आणली आणि पंधरा दिवसांत बाईसाहेब रुसल्या. सकाळी चावी फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) नुसता 'टक्' करून गप्प. रात्री हेडलाइट पिवळट, इंडिकेटर दिला की डॅशबोर्डचे दिवे त्याच्या तालावर मिचमिच करायचे. बॅटरीचा लाल दिवा मात्र एकदाही लागला नाही.

घराजवळच्या एका गॅरेजनं बॅटरी बदलायला लावली. ३,६०० रुपये. तीन आठवड्यांत नवी बॅटरीही झोपली. मग म्हणे अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, गेलाय. तो खोलला, कार्बन बदलले, २,४०० घेतले. फरक शून्य. वर सल्ला फुकट: "मॅडम, विकून टाका आता." आप्पांच्या कानावर हे घातलंच नाही.

ऑफिसातल्या एकानं द्वारकाच्या मागच्या गल्लीत, गाड्यांचं वायरिंग बघणाऱ्या चाचांच्या दुकानात पाठवलं. दुकान म्हणजे एक शटर, आत दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, पाटीवरची अक्षरं उन्हानं उडालेली. आजूबाजूला चाचा कुठे विचारलं की कुणीही दाखवतं. वय सत्तरीकडे झुकलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बॅटरी नवी आहे, अल्टरनेटर नुकताच केलाय, असं मी सांगायला लागले तर हातानंच थांबवलं. "ताई, गाडी चालू करा. लाइट लावा. बस."

पुढची वीस मिनिटं मी मीटरच्या आकड्यांकडे बघत उभी होते. अल्टरनेटरच्या जाड वायरवर एक पिन, त्याच्याच बॉडीवर दुसरी: १४.१ व्होल्ट. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर: १२.७. चालू इंजिनवर तिथं साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. मग मधले १.४ गेले कुठं? चाचांनी एक पिन अल्टरनेटरच्या वायरवर ठेवली, दुसरी बॅटरीच्या प्लसवर: ०.१. म्हणजे ती बाजू ठीक. आता एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर: १.३. हिशोब तंतोतंत जुळला. "डायनॅमोला काय नाय झालेलं. करंट जातोय, पण परत यायला रस्ता नाय."

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा बॉडीशी, आणि बॉडीतून बॅटरीच्या मायनसशी, विजेचा संबंध अर्थिंगच्या एका विणलेल्या पट्टीनं जोडलेला असतो. ती पट्टी जागेवर होती, बोल्टही घट्ट होता. म्हणून तर कुणाला शंका आली नाही. चाचांनी बोल्ट काढला. खाली नवाकोरा पांढरा रंग! पेंटिंगवाल्यांनी पट्टी सोडली, रंग मारला आणि त्या रंगावरच परत आवळली. बोल्टच्या आट्यांमधून झिरपेल तेवढाच करंट जात होता. बाकीचा वाट शोधत अॅक्सिलरेटरच्या केबलमधून गेला असणार, कारण तिचं प्लास्टिकचं कव्हर एका जागी मऊ होऊन चिकटलं होतं. ते त्यांनी मला बोट लावून बघायला लावलं.

काहीही खोलायच्या आधी त्यांनी जंपर वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनला लावून सेल्फ मारून दाखवला होता. अर्ध्या चावीत गाडी सुरू. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि आधीच्या गॅरेजला ६,००० रुपयांत ती सुचली नाही.

मग पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, पट्टीची टोकं हिरवी पडली होती म्हणून पट्टीच नवी टाकली, बॅटरीच्या मायनसची वायर बॉडीला लागते ती जागाही साफ केली, वरून ग्रीस. लाइट लावून पुन्हा मीटर: बॅटरीवर १३.९, मायनस ते इंजिन ०.०५. अॅक्सिलरेटरची केबलही नवी टाकली, तिच्यासकट बिल ६५० रुपये. दोन महिने झाले, सकाळच्या थंडीतही पहिल्या चावीला उठते.

तक्रारी आहेतच. बसायला जागा नाही, मी दीड तास टायरच्या चळतीवर बसले. चाचा फोन उचलत नाहीत, पैसे रोख लागतात, पावती मागितली तर सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर आकडा लिहून दिला. नवी केबल टाकताना एक क्लिप बसवायची राहिली, ती मी घरी येऊन दाबली. आणि फ्यूएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांना ते हात लावत नाहीत, "त्याला कॉम्प्युटरवाला बघा" म्हणतात.

द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं नसेल तर सकाळी साडेनऊला शटर उघडताना पोहोचा. अकरानंतर रिक्षांची रांग लागते. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच बंद.