ग्लुटेनमुक्त चॉकलेट केक मिक्स: पाकिटाची मागची बाजू आधी वाचावी

घरात एकाला सीलिॲक विकार (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) आणि दुसऱ्याला बदामाची ॲलर्जी असल्यामुळे हे मिक्स घेताना मी पाकिटावरच्या मोहक चित्रापेक्षा मागची घटकयादी आधी वाचली. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणजे सर्वसाधारणपणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नाही, एवढेच; गव्हाच्या जागी बदामाचे पीठ किंवा सोबत दुधाची भुकटी असू शकतेच. यात तांदळाचे पीठ, बटाट्याचा स्टार्च, साखर, कोको, बेकिंग पावडर आणि पीठ बांधून ठेवणारा झँथन गम एवढेच आहे. मिश्रण वीस मिनिटे झाकून ठेवल्यावर तांदळाचा रवाळपणा गेला आणि केक मऊ झाला, गोडी मात्र (माझ्या जिभेला तरी) अंमळ जास्त वाटली. दुसऱ्या दिवशी कडा भुरभुरू लागल्या, त्यामुळे तो त्याच दिवशी संपवावा.