मूल्यवर्धन – झेडपी शाळेतल्या एका आईचा रिव्ह्यू

माझं लेकरू बीड जिल्ह्यातल्या झेडपी शाळेत तिसरीला आहे, तिथं मूल्यवर्धन या मूल्यशिक्षणाच्या कार्यक्रमाचा तास असतो म्हणून लिहायलेय. कार्यक्रम शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा, २००९ ला सुरू झाला तोच आपल्या बीडमधून, नंतर सरकारनं राज्यभर नेला. पालकांना फी वगैरे काही नाही.

मूल्यशिक्षण म्हणलं की आपल्याला सुविचार आणि गोष्टीचं तात्पर्य आठवतं, तसलं इथं नाही. लेकरं जोडीत बोलतात, गटात खेळतात, वर्गाचे नियम त्यांनीच ठरवायचे. खरा फरक मला भांडणात दिसला. खिचडी झाल्यावर ताट धुवायला नळावर रांग असते, तिथं दोन पोरींची झोंबाझोंबी झाली, एकीची रिबन तुटली. मॅडमनी कुणालाच रागावलं नाही, "सॉरी म्हण" पण नाही. दोघींना समोरासमोर बसवलं, एक बोलेल तेव्हा दुसरीनं मधी बोलायचं नाही, आणि ती काय म्हणली ते आधी सांगून दाखवायचं मगच आपलं म्हणणं मांडायचं. तेव्हा कळलं की रांगेचं भांडण नव्हतंच, "तू कारखान्यावरून आलीस, मागं थांब" असं एक जण म्हणली होती.

आपल्याकडं हे लई महत्त्वाचं आहे. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं दिवाळीनंतर जातात अन् उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात, तोवर बाकावरची जागा गेलेली असते, दोस्त बदललेले असतात, मग मारामाऱ्या होणारच ना. अशा लेकराला वर्गात परत सामावून घेणं हे गणिताइतकंच शिकवावं लागतं, आपोआप येत नाही.

तक्रार एकच आणि ती आमच्या शाळेबद्दल. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की पहिला हाच तास कापतात, आणि ट्रेनिंग घेतलेल्या मॅडमची बदली झाली की नवीन सर पुस्तिका नुसती वाचून दाखवतात. वाचून काही होत नाही ओ, लेकरांना बोलू द्यावं लागतं, वेळ जातो त्याला.

पाचपैकी चार स्टार. तुमच्या शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमधी विचारा, वेळापत्रकात हा तास कोणत्या वारी आहे आणि मागच्या महिन्यात किती वेळा झाला. आम्ही विचारलं तेव्हापासून शुक्रवारचा तास तरी नियमित होऊ लागलाय.