गुलामगिरी की ‘जिम क्रो’: प्रबंधाला कोणता काळ घ्यावा?

एम.ए.च्या प्रबंधासाठी अमेरिकेचा दक्षिण भाग घेणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न हाच असतो: १८६५पूर्वीची गुलामगिरी घ्यायची, की नंतरचे, काळ्यांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवणारे ‘जिम क्रो’ कायदे?

गुलामगिरीतला मामला उघडावाघडा होता. माणूस ही मालमत्ता. व्हर्जिनियाच्या १६६२च्या कायद्यानं मूल आईच्या दर्जाचं ठरवलं. म्हणजे मालकाला आपल्या गुलाम बाईपासून झालेलं मूलही त्याचा गुलामच. १८६०च्या जनगणनेत सुमारे ४० लाख गुलाम होते. त्यांच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती. पण अंतर? ते फारसं पाळावंच लागत नसे. दाई, स्वयंपाकीण मालकाच्याच घरात वावरत. सत्ता पक्की असल्यावर रेल्वेत वेगळा डबा कशाला हवा?

तो डबा आला हक्क मिळाल्यावर. लुइझियानाच्या १८९०च्या कायद्यानं रेल्वेत गोऱ्या-काळ्यांची बैठक वेगळी केली आणि सूट ठेवली ती दुसऱ्या वंशाचं मूल सांभाळणाऱ्या आयांना! गोरं बाळ कडेवर असेल तर काळी बाई गोऱ्यांच्या डब्यात चालते, तिकीट काढून एकटी आली तर नाही. मला विचाराल तर दोन्ही काळांतलं नातं या एका कलमात सापडतं. कायद्यानं काळा ठरणारा होमर प्लेसी १८९२मध्ये मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला, अटक झाला. १८९६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध १ मतांनी कायदा उचलून धरला. मतदानाचं तेच. लुइझियानात १८९६ला सुमारे १,३०,००० काळे मतदार नोंदलेले होते, १९०४ला उरले १,३४२.

माझा कौल दुसऱ्या काळाला, पण सुरुवात १८६५पासून करा. गुलामगिरी गेली आणि लगेच वेगळे डबे आले, असं झालेलं नाही. १८७०मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स हे काळे गृहस्थ अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच आशेच्या वर्षांत. १८७७नंतर दक्षिणेतून केंद्र सरकारचा हात निघाला आणि वारं फिरलं.

गुलामगिरीच घ्यायची असेल, तर १९३०च्या दशकात सरकारी योजनेत नोंदवलेल्या २,३००हून अधिक माजी गुलामांच्या आठवणी इंटरनेटवर फुकट आहेत. वाचताना एवढं लक्षात ठेवा, की विचारणारे बहुतेक गोरे होते आणि सांगणारे तेव्हा जिम क्रोमध्येच जगत होते.