टिप मोजणारे ॲप: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुण्याहून आलेल्या भाच्याने माझ्या फोनमध्ये टिप मोजण्याचे एक मोफत ॲप टाकून दिले. तेव्हापासून भरिताचा हंगाम ऐन भरात येईपर्यंत, म्हणजे जवळपास आठ महिने, मी ते नियमाने वापरत आलो आहे. जळगावात आमचे कुटुंब मोठे असून लग्नकार्य, प्रवास आणि बाहेरचे जेवण यांचा हिशोब माझ्याकडे असतो, आणि कुणाला किती द्यावे यावर गल्ल्यापाशी उभे राहून घरात दर वेळी दोन मते पडत असत. ती अडचण या ॲपने बऱ्याच अंशी दूर केली, पण ते मिळते तसेच्या तसे आपल्याकडे वापरू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

रचना अगदी सोपी आहे. बिलाची रक्कम, टिपेची टक्केवारी आणि माणसांची संख्या भरली की प्रत्येकाचा वाटा समोर येतो. मित्रमंडळी जेवायला गेली असता हे फार उपयोगी पडते. पहिली गैरसोय टक्क्यांच्या तयार बटणांची आहे. ती १५, १८ आणि २० अशी असून हे आकडे अमेरिकेच्या रिवाजातून आले आहेत. तेथील संघीय कायद्यानुसार, टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचे किमान रोख वेतन ताशी २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून त्यात बदल झालेला नाही; काही राज्यांनी ते वाढवले आहे, एवढेच. म्हणजे तेथे वेटरचे घर मोठ्या प्रमाणावर गिऱ्हाइकाच्या टिपेवर चालते. आपल्याकडे टिप ही खुशीने दिलेली बक्षिसी आहे, म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन १० टक्के कायम करून ठेवले.

दुसरी गैरसोय कराची. ॲप बिलाच्या शेवटच्या आकड्यावर टिप काढते आणि त्या आकड्यात जीएसटी मिळवलेला असतो. सरकारला जाणाऱ्या रकमेवर वेटरची टिप मोजण्यात अर्थ नाही, त्यामुळे मी आता कराच्या वरची, म्हणजे निव्वळ जेवणाची रक्कमच भरतो.

मार्गशीर्षात महामार्गावरच्या एका हॉटेलात आम्ही नऊ जण भरीत-भाकरी जेवायला गेलो होतो. आईला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी चावत नाही, हे वाढणाऱ्या मुलाने आपण होऊन हेरले. कुणी काही सांगण्याआधी तो आतून खोलगट वाटी घेऊन आला, भाकरीचा मऊ पापुद्रा तिच्यात बारीक कुस्करला, वरून तापते वरण ओतले आणि वाटीला हात लावून ती फार गरम नाही ना, हे पाहून मगच आईपुढे ठेवली. जेवणाचे १,६८० रुपये आणि सीजीएसटी व एसजीएसटी प्रत्येकी ४२, असे १,७६४ रुपयांचे बिल आले. १५ टक्क्यांचे तयार बटण दाबले असते तर टिप २६४ रुपये ६० पैसे निघाली असती; माझ्या रीतीने १६८, म्हणजे सरळ १७० झाली. मी बिल आणि टिप मिळून १,९३४ रुपये काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून भरले आणि समाधानाने बाहेर पडलो. गाडीपाशी तोच मुलगा पाण्याची विसरलेली बाटली द्यायला आला. टिप मिळाली का, असे मी विचारले तेव्हा तो खाली बघून म्हणाला, ‘‘आप्पा, त्या पैसा मालकना खातामा ग्यात.’’ मी पुन्हा काउंटरवर जाऊन विचारले, तर महिन्याअखेरीस बघू, असे उत्तर मिळाले. मला त्याचे फार वाईट वाटले. मी त्या मुलाच्या हातात रोख शंभर रुपये ठेवले, आणि त्या दिवसापासून बिल फोनने व टिप रोखीने, तीही ज्याने सेवा केली त्याच्याच हातात, हा नियम पाळतो. त्यासाठी बँकेतून दहाच्या नोटांचे बंडल आणून ठेवतो. रक्कम अचूक काढणारे ॲप ती रक्कम कुणापर्यंत पोहोचते हे सांगू शकत नाही, ही त्याची माझ्या लेखी सर्वांत मोठी मर्यादा आहे.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आधीच लावलेला असेल तर तेही ॲपला कळत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलने तो आपोआप बिलात घालायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. नाशिकला एका हॉटेलात असा आकार दिसला, तेव्हा मी शांतपणे तो काढायला सांगितला आणि त्यांनी काढलाही. न काढल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

टक्केवारीचा हिशोब जेवणाच्या बिलापुरताच ठीक आहे. अंगमेहनतीच्या कामाला तो लावला की चुकतो. भुसावळ स्टेशनवरच्या बिल्लेवाल्या हमालाचा दर रेल्वेने ठरवलेला असतो. तो त्याचा मेहनताना झाला. पण आईला हाताला धरून जिन्यावरून उतरवण्याचे मोल त्या दराच्या दहा टक्क्यांत बसत नाही, तेथे मी पन्नास रुपये वेगळे देतो. गॅस सिलिंडर घरपोच देण्याचा आकार बिलातच धरलेला असतो, त्यामुळे वर काही देण्याचे बंधन नाही आणि कुणी हक्काने मागितले तर मी नकारही देतो. मात्र मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना तिसऱ्या मजल्यापर्यंत खांद्यावरून सिलिंडर आणणाऱ्या माणसाला पाणी आणि वीस-तीस रुपये दिल्यावाचून मी राहत नाही. केस कापणाऱ्या कटिंगवाल्याला सुटे परत न घेता दहा-वीस रुपये सोडतो.

दिवाळीच्या पोस्तीसाठी तर या ॲपमध्ये काहीच सोय नाही. घंटागाडीवरच्या ताई, पेपरवाला, कॉलनीचा राखणदार यांचा वर्षभराचा संबंध असतो आणि मागच्या वर्षीपेक्षा कमी देणे बरे दिसत नाही, म्हणून ती यादी मी अजूनही वहीतच ठेवतो. ॲपमध्ये नावानुसार मागची रक्कम जपण्याची सोय झाली, तर ही वही मी आनंदाने बंद करीन. तोपर्यंत चार-सहा जणांत बिल वाटून घेणाऱ्यांनी हे ॲप जरूर ठेवावे. एकट्याने जेवणाऱ्याला त्याची गरज नाही, जेवणाच्या रकमेतील शेवटचा अंक सोडून दिला की दहा टक्के निघतात.