रॉकेट स्लाइम: आठ महिने डोक्यावर ओझी वाहिल्यानंतर

आधीच सांगते, गेम जुना आहे. जपानात तो डिसेंबर २००५ मध्ये आला, अमेरिकेत सप्टेंबर २००६ मध्ये आणि अस्सल प्रत माझ्या हातात पडली गेल्या दिवाळीत. तेव्हा अमेरिकेत तो खेळलेली पोरं आज गृहकर्जाचे हप्ते भरत असतील. मी नाशिकरोड ते सीएसएमटी पंचवटी एक्स्प्रेसने आठवड्यातून तीनदा ये-जा करते आणि चाळिशी जवळ आली आहे. तरी आठ महिने एका निळ्या थेंबाला रबरासारखं ताणून भिंतीवर आपटतेय. का, ते सांगते.

पूर्ण नाव 'ड्रॅगन क्वेस्ट हीरोज: रॉकेट स्लाइम'. फक्त निन्टेंडो डीएसवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या दोन पडद्यांच्या गेमयंत्रावर. शोधताना जपून, कारण 'ड्रॅगन क्वेस्ट हीरोज' याच नावाने २०१५ पासून प्लेस्टेशनवर निराळेच गेम आले. त्यांचा आपल्या या थेंबाशी संबंध नाही.

ड्रॅगन क्वेस्ट ही मूळ मालिका १९८६ ची. जपानात तिचं कौतुक आपल्याकडच्या क्रिकेटसारखं. ती गंभीर, लांबलचक, 'जग वाचवा' छापाची. त्यात स्लाइम हा पहिल्या पाच मिनिटांत भेटणारा आणि दोन फटक्यांत मरणारा शत्रू. मारून मिळणार काय, तर अनुभवाचा एक गुण. मालिकेचा जनक युजी होरीईने कागदावर चिकट गोळ्याचं ढिगासारखं चित्र काढून दिलं आणि चित्रकार अकिरा तोरियामाने त्याचा हसरा, टोकदार थेंब केला. त्या थेंबाने पुढे सगळ्या नायकांना मागे टाकलं. मग त्याच्यासाठी वेगळी, हलकीफुलकी मालिका निघाली. तिचा पहिला भाग २००३ चा, निन्टेंडोच्याच जुन्या गेम बॉय अॅडव्हान्सवरचा, जपानाबाहेर गेलाच नाही. रॉकेट स्लाइम हा दुसरा. तिसरा २०११ मध्ये, डीएसनंतरच्या थ्रीडीएसवर आला आणि तोही जपानातच अडकला. म्हणजे जपानी न येणाऱ्यांच्या वाट्याला तिघांतला मधला एकच आला.

माझ्या भाचीने स्लाइम पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती म्हणाली, "आत्या, निळा मोदक!" तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव मोदक. उकडीचा, नीट कळी आलेला, फक्त पाकळ्या नसलेला.

गोष्ट अशी: बोइंगबर्ग नावाच्या गावात स्लाइम सुखाने राहतात. एक दिवस 'प्लॉब' नावाची टोळी गावावर येते. हे सगळे प्लॅटिपस, बदकाच्या चोचीचे आणि माफियाच्या तोऱ्यातले. गाव उद्ध्वस्त होतं आणि शंभर स्लाइम पळवले जातात. आपला नायक, रॉकेट नावाचा स्लाइम, कुठल्या तरी रानात जाऊन पडतो. जपानी नावात या टोळीला 'शेपटीवाली टोळी' म्हटलंय, ते मला जास्त आवडतं. आता एकेकाला शोधून घरी पाठवायचं. कथा म्हणून एवढंच, आणि तेवढं पुरतं.

खरी मजा हाताला कळते. रॉकेटला हात नाहीत, पाय नाहीत. बटण दाबून धरलं की तो ताणला जातो आणि सोडलं की गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. वाटेत जे येईल त्याला धडकतो. धडकलेली वस्तू वर उडते, आपण खाली जाऊन उभं राहायचं, ती डोक्यावर पडते. अशा तीन वस्तू एकावर एक रचता येतात. आमच्या इमारतीच्या स्लॅबच्या वेळी घमेल्यावर घमेलं घेऊन फळीवरून चढणाऱ्या बायका पाहिल्या होत्या, अगदी तशी चाल. डोक्यावर दगड, तलवार, औषधी पाला, काहीही. शत्रूसुद्धा. मारामारी केलेल्या शत्रूला डोक्यावर घेऊन निघायचं, यात जो खट्याळपणा आहे तो लिहून सांगता येत नाही.

हे ओझं घेऊन जायचं कुठे? रानातून, डोंगरातून रूळ गेलेत आणि त्यावर छोट्या गाड्या फिरत असतात. त्यात माल टाकला की तो थेट गावात. पेटीत कोंडलेला स्लाइम सापडला तर त्यालाही डोक्यावर घेऊन गाडीत बसवून द्यायचं. गावी परतलात की दिसतं, कोणाचं तरी घर उभं राहिलंय, कोणी तरी दुकान थाटलंय. माझे काका निफाडहून द्राक्षांचे क्रेट भरून टेम्पो सुटला की अर्धा तास रस्त्याकडे बघत उभे राहतात. तो आनंद मला या गाड्यांनी कळला. माल गेला, पोचला, आता रिकाम्या डोक्याने परत.

आता रणगाडे. पुढचं सगळं विसरलात तरी चालेल, हे वाचा.

थोड्याच वेळात रॉकेटला 'श्लायमन' नावाचा पुराणकाळचा रणगाडा मिळतो, दिसायला भलाथोरला स्लाइमच. मग शत्रूच्या रणगाड्यांशी लढती सुरू होतात आणि इथे डीएसच्या दोन पडद्यांना खरं काम मिळतं. वरच्या पडद्यावर दोन रणगाडे समोरासमोर, मध्ये उडणारे गोळे. खालच्या पडद्यावर आपल्या रणगाड्याचं पोट आणि त्यात धावपळ करणारे आपण. दारूगोळा आत येऊन पडत राहतो. तो उचलायचा, डोक्यावर रचायचा, तोफेपर्यंत पळायचं, तोफेत भिरकवायचं. एक तोफ सरळ मारते, दुसरी कमानीने. समोरून गोळा येताना दिसला तर आपण त्याच वाटेने काहीतरी सोडायचं, दोन्ही हवेतच एकमेकांवर आदळतात.

आणि दारूगोळा म्हणजे काय? रानात गोळा करून गाडीतून पाठवलेला तोच माल. दगड, बाण, तलवारी. ढालही तोफेतून उडते. वेळ पडलीच तर स्वतः तोफेत शिरून शत्रूच्या रणगाड्यात जाऊन पडायचं. सोबतीला तीन साथीदार नेता येतात. कोणी गोळे भरतं, कोणी तिकडे जाऊन खोड्या काढतं. शत्रूही त्यांची माणसं, म्हणजे प्लॅटिपस, आपल्याकडे घुसवतो. रणगाड्याची सगळी ताकद संपली की खेळ लगेच संपत नाही. त्याच्या आत शिरून मधलं 'हृदय' फोडायचं, मग स्फोट.

फेब्रुवारीतली एक लढत सांगते. सकाळची गाडी, इगतपुरी मागे पडलेली, कसारा घाट उतरताना एकामागून एक बोगदे. समोरच्या सीटवर एक पासवाले काका, रोजचे. माझ्या रणगाड्याची ताकद शेवटच्या दहाव्या हिश्श्यावर. समोरच्याकडून दोन गोळे निघालेले आणि माझ्या डोक्यावर काय, तर तीनही वेळा उचलला औषधी पाला.  मी "अगं बाई, नको ना" असं चक्क मोठ्याने म्हणाले. बोगदा संपला, उजेड आला, काका माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "कॅसेटवाला गेम का? आमच्या पोराकडे होता. फुंकर मारली की चालायचा." ही कॅसेट फुंकरीने चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं. लढत हरले. कसारा स्टेशनवर डीएसचं झाकण मिटलं आणि कल्याणला उघडलं, गेम होता तिथेच उभा. घाटात मोबाइलचं नेटवर्क गेल्यावर डबाभर लोक फोनकडे हताश बघत असतात, तेव्हा हे झाकण मला फार श्रीमंत वाटतं. मध्ये जाहिरात नाही, 'पाच जीव विकत घ्या' नाही.

आता तक्रारी. पहिली गेमबद्दल नाहीच. गेल्या पावसाळ्यात मी स्वस्तात मिळतंय म्हणून ऑनलाइन एका विक्रेत्याकडून हे कार्ट्रिज, म्हणजे गेमची छोटी कॅसेट, मागवलं, साडेसहाशेला. फोटो छान, पुठ्ठ्याचा खोका छान. चार आठवडे खेळले, एक्केचाळीस स्लाइम घरी पोचवले आणि एका संध्याकाळी परतीच्या गाडीत सुरू केलं तर कोरी पाटी. बोइंगबर्ग पुन्हा उद्ध्वस्त, एक्केचाळीस जण पुन्हा बेपत्ता. नकली कार्ट्रिज होतं. विक्रेत्याने आधी "बॅटरी बदला" सांगितलं, नंतर उत्तरच दिलं नाही. शहाणपण उशिरा आलं ते असं: अस्सल डीएस कार्ट्रिजच्या लेबलवर 'एनटीआर'ने सुरू होणारा संकेतांक असतो आणि मागे प्लॅस्टिकवर बारीक अक्षरं-आकडे उमटवलेले असतात. विक्रेता मागच्या बाजूचा फोटो द्यायला कां-कू करत असेल तर पैसे खिशातच राहू द्या. अस्सल कार्ट्रिज मामेभाऊ दिवाळीला न्यू जर्सीहून घेऊन आला. किती डॉलर पडले ते मी दोनदा विचारलं, त्याने दोन्ही वेळा चिवडा पुढे केला.

दुसरी, चार्जर. माझ्याकडच्या डीएस लाइटची (डीएसचंच हलकं रूप) पिन आपल्या मोबाइलच्या कुठल्याच पिनेशी जुळत नाही. आणि अमेरिकेचा चार्जर १२० व्होल्टचा असतो, आपल्या घरात २३० व्होल्ट. तो तसाच भिंतीत लावू नका. यूएसबीवाली वायर वेगळी मिळते, ती घ्या. कार्ट्रिजची मात्र चिंता नाही. अमेरिकेचं कार्ट्रिज कुठल्याही देशाच्या डीएस लाइटमध्ये चालतं आणि थ्रीडीएसमध्येही.

गेमबद्दल म्हणाल तर तो सोपा आहे, जरा जास्तच. रानातले शत्रू नावालाच. साहेब-शत्रूंची, म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या मोठ्या शत्रूंची, चाल दोनदा पाहिली की पाठ होते. गोष्ट मी पंधराएक तासांत संपवली आणि मी काही पटाईत खेळाडू नाही. स्टायलस, म्हणजे पडद्यावर टेकवायची काडी, तर मी खोबणीतून काढलाच नाही, सगळं बटणांवर. दोघांना मिळून रणगाड्यांची लढत खेळता येते, पण त्यासाठी दुसरा डीएस हवा आणि कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत माझ्या ओळखीत दुसरा डीएस नाही. एका डोंगराळ भागात तर एकच वस्तू पुन्हापुन्हा वाहून मला खरंच कंटाळा आला होता. चांगला दारूगोळा हवा तर फेऱ्या माराव्याच लागतात. आठवडाभर डीएस बॅगेतून बाहेर काढला नाही.

त्यातून मला बाहेर काढलं भाचीने. ती नऊ वर्षांची, रविवारी माझ्याकडे गंगापूर रोडला येते. सुरुवातीला ती फक्त बघायची, मग हळूहळू डीएस तिच्या मांडीवर आणि मी बघायला. गेमचं इंग्रजी शब्दांच्या कोट्यांनी भरलेलं आहे. 'टूटिनश्लायमन' नावाची जागा आली तेव्हा तिने विचारलं, हे काय? मग तूतनखामेन कोण, त्याच्या थडग्यात काय सापडलं, हे सगळं जेवणाच्या ताटावर. त्यातच तिला कळलं की चिकट लगद्याला इंग्रजीत 'गू' म्हणतात. त्या दिवशी आईच्या देवघरापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात तिने तो शब्द वीस वेळा म्हटला आणि माझ्या आईने मला बोलावून विचारलं, "हेच शिकवतेस का पोरीला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

मी आणि ती खेळतो ते वेगळंच. मी एकेक पेटी शोधते, स्लाइम गाडीत बसवते, मोजते. ती स्लाइमांना आधी डोक्यावर घेऊन फिरवते. "घरी जायच्या आधी त्यांना जरा रान दाखवायचं ना, आत्या." गाडी समोरून गेली तरी ती टाकत नाही, पुढची येईल म्हणते. मला आधी वाटलं वेळ वाया चाललाय. मग लक्षात आलं, या रानात घड्याळ कुठेच नाही. घाई माझीच होती, सकाळच्या गाडीची सवय.

घ्यावा का? नेमबाजीचे, फोडाफोडीचे गेम आवडत असतील तर यात हाताला काही लागणार नाही. घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल, एखादा जुना डीएस कपाटात पडला असेल आणि अस्सल कार्ट्रिज मिळत असेल, तर घ्याच. फक्त गोष्ट संपली म्हणून ठेवून देऊ नका. रणगाड्यांच्या लढती त्यानंतरही चालू राहतात आणि तोवर गोळा केलेला माल तिथेच कामी येतो.

आमचे सध्या नव्व्याण्णव स्लाइम घरी आलेत. शंभरावा सापडत नाही. मी नेटवर बघू का म्हटलं, तर भाचीने डीएस मिटून दप्तरात घातला आणि घरी घेऊन गेली. चार्जरची वायर मात्र माझ्याच टेबलावर राहिली आहे. रविवारपर्यंत ती फार पुढे जाणार नाही.