एक तिकीट की दोन सुटी तिकिटं?

मध्ये विमान बदलायचं असलं की हा पेच हमखास पडतो. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्यावा, की पहिला टप्पा एका कंपनीचा आणि पुढचा दुसरीचा? सुटी तिकिटं बऱ्याचदा स्वस्त दिसतात. पण त्या दरात कोणती जोखीम आपल्या गळ्यात येते, ते आधी पाहा.

पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढचं कोणी निस्तरायचं? एका तिकिटावर कंपनीने. कनेक्शन चुकलं तर पुढच्या विमानात कंपनीच जागा देते, वेगळे पैसे न घेता. शिवाय विमान बदलायला लागणारा किमान वेळ विमानतळागणिक ठरलेला असतो आणि त्याहून तोकडं कनेक्शन सहसा विकलंच जात नाही. सुट्या तिकिटांत दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, म्हणजे ‘नो-शो’. ते तिकीट बुडतं, आणि जाऊन-येऊन असेल तर परतीचा प्रवासही बहुधा रद्द होतो. हे दुसरं नुकसान फार थोड्यांच्या ध्यानात असतं.

विमानाच्या उशिराबद्दल प्रवाशाला भरपाई देणारा युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम लागू होत असेल तर भरपाईतही मोठा फरक पडतो. एका बुकिंगमध्ये उशीर अंतिम ठिकाणी मोजतात. समजा पहिलं विमान ४० मिनिटंच उशिरा आलं, पण त्यापायी पुढचं चुकून तुम्ही ५ तास उशिरा पोचलात. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर लांब पल्ल्याला ६०० युरोंपर्यंत हक्क बनतो. सुट्या तिकिटांत मात्र हिशेब त्या ४० मिनिटांवरच थांबतो.

सामान आणि व्हिसा हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एका तिकिटावर बॅगेला सहसा थेट शेवटच्या विमानतळाचा टॅग लागतो. (अमेरिकेत शिरताना मात्र सहसा पहिल्याच विमानतळावर बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं, तिथे ट्रान्झिटलाही व्हिसा किंवा तत्सम परवानगी लागते.) सुट्या तिकिटांत बॅग बहुधा मधल्या विमानतळावर पट्ट्यावरून उचलायची आणि पुन्हा चेक-इन करायची. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडायचं, म्हणजे त्या देशात प्रवेशाची परवानगी हवी. ती नसेल तर पहिल्याच काउंटरवर बोर्डिंग नाकारतात, कारण कागदपत्रांविना प्रवासी नेला तर दंड कंपनीला होतो. वजनाची मर्यादाही वेगवेगळी: आधी ३० किलो चाललेली बॅग पुढे १५ किलोच्या नियमात अडकू शकते.

म्हणून सुटी तिकिटं कधी घ्यावीत? माझ्या मते मधल्या शहरात एखादी रात्र काढायचीच असेल, तिथला व्हिसा असेल आणि केबिन बॅगेवर भागत असेल, तर खुशाल. पहिला टप्पा तुम्ही आपणहून आधीच बदलला तरी दुसरं तिकीट शाबूत राहतं, ही त्यांची मोठी सोय. पण लहान मुलं, वयस्क आई-वडील किंवा ठरलेल्या वेळेची परीक्षा असेल तर थोडे जास्त पैसे देऊन एकच तिकीट घ्या. इथे मी दुसरा पर्याय सुचवणारच नाही.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट तपासा. काही संकेतस्थळं दोन सुटी तिकिटं जोडून एकच प्रवास असल्यासारखी दाखवतात. ‘सेल्फ ट्रान्सफर’ असा शब्द दिसला, किंवा दोन पीएनआर मिळणार असतील, तर ती सुटीच तिकिटं आहेत. तिथे ‘कनेक्शनची हमी’ दिसली तर ती बहुधा संकेतस्थळाची असते, विमान कंपनीची नव्हे. तिच्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतात.